ऐतिहासिक वास्तूंविषयी लोकजागृती: मराठवाड्यात नेमके काय केल्याने फरक पडतो?

बालाघाटी (धागाकर्ता)

दरवर्षी १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबर या काळात जागतिक वारसा सप्ताह येतो. फलक लागतात, शाळांच्या सहली वेरूळला जातात, वर्तमानपत्रांत अजिंठ्याची छायाचित्रे येतात. ही दोन्ही स्थळे १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, त्यांना तिकीटघर आहे, पहारा आहे, देखभालीसाठी स्वतंत्र यंत्रणा आहे. माझी काळजी त्यांच्याविषयी नाही. ज्यांच्यावर साधी पाटीही नाही, अशा आपल्या गावच्या गढ्या, वेशी, बारवा (पायऱ्यांच्या विहिरी), मठ, दर्गे आणि जुने वाडे यांविषयी मला बोलायचे आहे.

आमच्या भागातील बहुतेक जुन्या गावांत पांढऱ्या मातीची गढी आहे किंवा होती. माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) टाकायला आणि शेतात पसरायला ही माती चांगली म्हणून पूर्वी ती टोपल्यांनी जात असे, आता ती ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी जाते. अनेक गढ्यांच्या पोटात त्यांच्याहून कितीतरी जुन्या वस्तीचे थर आहेत. खापरे, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे त्या मातीबरोबर शेतात जातात आणि नांगराखाली संपतात. माती नेणाऱ्या माणसाला गावाच्या इतिहासाचा अभिमान नसतो असे मुळीच नाही. त्याच गावात शिवजयंती थाटात होते. म्हणजे अभिमान जागा करणे हे आपले काम उरलेले नाही, त्यापुढचे काही करायला हवे, असे मला वाटते.

माझा प्रश्न असा आहे की, तुमच्या गावात किंवा शहरात एखाद्या जुन्या वास्तूबाबत लोकांचे वागणे प्रत्यक्ष बदलले, असे कधी घडले का? घडले असेल तर ते कशामुळे घडले? कृपया घोषणांऐवजी अनुभव लिहावेत.

गोदातीर

परभणी जिल्ह्यातील उदाहरण देतो. सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव आता अनेकांना माहीत झाली आहे. पायऱ्या वळसे घेत खाली उतरतात अशी ही दुर्मीळ रचना गाळाने आणि कचऱ्याने भरलेली होती. ग्रामस्थांनी ती मोकळी केली आणि पुढे डाक विभागाच्या चित्र-पोस्टकार्डांत तिला स्थान मिळाले. त्यानंतर तिच्यात कचरा टाकायला हात धजावत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे येथे दोन गोष्टी एकत्र आल्या. पहिली म्हणजे लोकांनी स्वतःच्या हाताने गाळ उपसला, आणि ज्या जागेसाठी आपला घाम गेला तिची राखण माणूस आपोआप करतो. दुसरी म्हणजे बाहेरच्या माणसाने येऊन तिला नावाजले. महाराष्ट्र बारव मोहिमेने महाशिवरात्रीला बारवांत दिवे लावण्याचा जो प्रघात पाडला, त्याचाही फार उपयोग झाला, कारण वर्षातून एकदा दिवे लावायचे म्हणजे त्याआधी जागा स्वच्छ करणे आलेच. जिंतूर तालुक्यातील चारठाण्यात तर मंदिरे, दीपस्तंभ, बारव असे एका गावात मावणार नाही इतके वैभव आहे. तेथे गावकरी पाहुण्यांना हौसेने सगळे फिरवून दाखवतात.

चौसोपी

अनुभव लिहा म्हटले म्हणून लिहिते. आमचा वाडा लातूर जिल्ह्यात आहे. दगडी जोते, सागवानी खांब, कोरीव तुळया, चौक आणि तळघर असे त्याचे जुने रूप बरेचसे शिल्लक आहे. तो पाहायला येणारे सर्वजण ‘हा जपला पाहिजे’ असे सांगून जातात. तो कशाने जपायचा हे मात्र कोणी सांगत नाही. वारसदार अनेक, ते निरनिराळ्या शहरांत, आणि माळवदाची माती दर पावसाळ्याआधी नीट करायला माणूस मिळत नाही. दुसरीकडे जुन्या लाकडाचा व्यापारी दारात येऊन चौकटीचे रोख पैसे द्यायला तयार असतो. वाडा मोडणारा प्रत्येक माणूस अडाणी किंवा लोभी असतो, असे समजून केलेली जागृती मालकाला केवळ अपराधी वाटायला लावते, आणि अपराधी वाटणारा माणूस वाडा रात्रीतून पाडून मोकळा होतो.

शिवाय आमच्याकडे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कोणी विसरलेले नाही. किल्लारीच्या भूकंपात जवळपास आठ हजार माणसे गेली आणि त्यांतील बहुतेकांचा जीव दगडमातीच्या भिंतींखाली गेला. ज्यांनी ते पाहिले त्यांना जुन्या घराचे कौतुक कोणत्या तोंडाने सांगायचे? माझ्या सासूबाई अजूनही पश्चिमेच्या जाड भिंतीलगत कोणाला झोपू देत नाहीत.

चुनखडी

चौसोपीताई, आपल्या सासूबाईंची भीती रास्त आहे आणि जुन्या वास्तूंविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने ती आधी ऐकून घेतली पाहिजे. मी जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून या विषयावर थोडे विस्ताराने लिहितो.

किल्लारी परिसरात जी घरे कोसळली त्यांच्या भिंती खूप रुंद, पण आतून पोकळ म्हणाव्यात अशा होत्या. बाहेरून एक दगडी पदर, आतून दुसरा पदर आणि मधे माती व कपच्यांची भर. दोन्ही पदरांना आरपार बांधणारे लांब दगड घातलेले नव्हते, त्यामुळे हादरा बसताच पदर एकमेकांपासून सुटले. त्यावर वर्षानुवर्षे नवी माती टाकून जड झालेले माळवद होते. याउलट अनेक घरांत लाकडी खणांचा सांगाडा, म्हणजे खांब आणि तुळया, भिंती पडल्यानंतरही उभा राहिलेला अभ्यासकांना आढळला. जुने म्हणजे सरसकट धोकादायक, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. भिंतीत आरपार दगड बसवणे, माथ्यावर पट्टा बांधणे, माळवदावरील जास्तीची माती उतरवणे आणि लाकूड भिंतीत शिरते तेथे ओल व वाळवी तपासणे, एवढ्याने अशा घराची सुरक्षितता पुष्कळ वाढते. हे काम नव्या बांधकामापेक्षा बहुधा स्वस्तात होते. मात्र आपल्या वाड्याची तपासणी जाणकार अभियंत्याकडून झाल्याशिवाय येथे वाचून कोणी भिंतीला हात लावू नये.

भूकंपानंतर लोकांना सिमेंटच्या घराचे महत्त्व सांगितले गेले आणि ते त्या वेळी आवश्यकच होते. जुने घर सुरक्षित कसे करावे, हे तितक्याच जोराने सांगितले गेले असते तर आज लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांतील कितीतरी वाडे उभे दिसले असते.

मांजराकाठ

चुनखडी सर, चुन्यात काम करणारा गवंडी आपल्या भागात मिळतो का? आमच्या गावच्या वेशीची कमान दुभंगली आहे आणि ग्रामपंचायत ती सिमेंटने भरून घेण्याच्या विचारात आहे.

चुनखडी

मिळतो, पण शोधावा लागतो. पुरातत्त्व खात्याच्या कामांवर राबलेले कारागीर बीड, धाराशिव, नांदेड भागात आहेत. सिमेंट मात्र थांबवा. चुना भिंतीतील ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. कोंडलेले पाणी दगडातून वाट काढते, बरोबर क्षार आणते आणि दोन-चार पावसाळ्यांत दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. भेग बुजलेली दिसते आणि कमान आतून झिजत राहते.

जुन्या लोकांचा चुना महिनोन्महिने भिजवलेला असे. तो घाण्यात बैलांकरवी मळून त्यात वाळू किंवा विटांची भुकटी आणि गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, उडीद यांपैकी जे त्या भागात मिळेल ते घालत. हे सर्व आजही करता येते, फक्त घाई करता येत नाही. तोवर कमानीखाली लाकडी टेकू द्या, वरचे झाड मुळासकट ओढू नका, ते कापून मुळे मारा.

ज्ञानार्थी_अंबाजोगाई

मी माध्यमिक शाळेत शिकवतो. अंबाजोगाईत शिवलेणी आहे, बाराखांबी मंदिर आहे, पण विद्यार्थ्यांना सर्वाधिक जवळचे वाटले ते त्यांच्या स्वतःच्या गावांतील वीरगळ. वीरगळ म्हणजे गावासाठी, गुरांसाठी लढताना पडलेल्या वीराचा स्मृतिदगड. त्यावर खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवपूजा कोरलेली असते. आमच्या भागात हे दगड पारावर, विहिरीच्या थारोळ्यात, काही ठिकाणी कपडे धुण्यासाठी वापरलेले आढळतात.

विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगितले की, गावातील असा प्रत्येक दगड शोधा, मोजा, त्याचे चित्र काढा आणि घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला त्याविषयी काय माहीत आहे ते लिहून आणा. एका गावात मुलीने आजीला चौकटींचा अर्थ वाचून दाखवला आणि दुसऱ्या आठवड्यात धुण्याचा दगड लोकांनीच उचलून मारुतीच्या ओट्यावर उभा केला. कोणाला भाषण दिले नव्हते. दगडावर काय लिहिले आहे हे कळल्यावर त्यावर साबण घासणे त्यांना अशक्य झाले. बालाघाटी यांच्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे की, अभिमान ढोबळ असतो आणि तो उपयोगी पडत नाही. नेमकी माहिती मात्र हात थांबवते.

देवगिरीदर्शन

मला येथे थोडा विरोध नोंदवायचा आहे. लोकसहभागाचे कौतुक ऐकताना त्याची दुसरी बाजू झाकली जाऊ नये. एका गावात उत्साही तरुणांनी बारवेतील गाळ जेसीबीने काढला. गाळात मूर्ती होत्या, त्या भंगल्या, आणि कडेच्या पायऱ्यांचे दगड उखडले. गाळ नदीत टाकला गेल्यामुळे त्यात काय होते हे आता कधीच कळणार नाही. हेतू अत्यंत चांगला होता, पण माहितीशिवाय आलेली आस्था एका दिवसात जे नुकसान करते ते शंभर वर्षांच्या दुर्लक्षालाही जमत नाही.

केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत परवानगीची अट आहे, हे २०१० च्या दुरुस्तीने कायद्यात आले. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा वेगळा अधिनियम आहे. लोकांना कायदा फक्त नोटीस आल्यावर कळतो, म्हणून त्यांना स्मारक शेजारी असणे हे संकट वाटू लागते. जागृती करायची असेल तर स्मारकाशेजारी राहणाऱ्या कुटुंबाला त्याच्या घराची दुरुस्ती कशी करता येईल, अर्ज कोठे करायचा, हे आधी सांगा.

गोदातीर

देवगिरीदर्शन, जेसीबीबद्दल पूर्ण सहमत आहे. बारवेचा गाळ घमेल्यानेच काढला पाहिजे, आणि निघालेली प्रत्येक कोरीव वस्तू जागेवर छायाचित्र काढून बाजूला ठेवली पाहिजे. पण संरक्षित यादीत नसलेल्या हजारो वास्तूंसाठी कोणतेही खाते येणार नाही, हेही वास्तव आहे. तेथे लोकांनी थांबायचे कोणासाठी?

सेवेकरी

मी आमच्या गावच्या महादेव मंदिराच्या समितीत आहे. येथील अनेकांना मंदिराच्या जीर्णोद्धाराचा राग आहे असे दिसते, म्हणून गावाची बाजू मांडतो. आमच्यासाठी मंदिर हे स्मारक नाही, तेथे रोज पूजा होते, श्रावणात गर्दी होते, गाभाऱ्यात पाणी गळते, पुजाऱ्याचा पाय घसरतो. दगड काळा पडला तर भाविक विचारतात की समिती काय करते. आम्ही वर्गणीतून रंग दिला, फरशी बसवली, यात आमची भक्तीच होती. सरकारी पाटी लावून कुलूप घातलेल्या मंदिरापेक्षा आमचे मंदिर जिवंत आहे.

चुनखडी

सेवेकरी काका, आपण हे मोकळेपणाने लिहिले याबद्दल मनापासून आभार. मंदिर जिवंत राहिले ते आपल्यासारख्यांमुळेच. आठशे वर्षांपूर्वीचे दगड आज उभे आहेत, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची पूजा आहे, खाती तर अलीकडे आली. आपल्या अडचणी खऱ्या आहेत, फक्त त्यांवरचे उपाय वेगळे आहेत.

गळती बहुधा शिखरावर उगवलेल्या झाडांमुळे आणि छताच्या शिळांमधील चुना झिजल्यामुळे होते. वरून स्लॅब टाकला तर त्याचे ओझे जुन्या खांबांवर येते आणि पाणी आत अडकते, म्हणून शिळांचे सांधे चुन्याने भरून घ्यावेत. ऑइलपेंटने दगडाची रंध्रे बंद होतात. तो रंग काढण्यासाठी वाळूचा मारा करणारे ठेकेदार येतात, त्यांना कृपया परत पाठवा, कारण त्या माऱ्याने रंगाबरोबर मूर्तींचे नाक-डोळेही जातात. गाभाऱ्यातील गुळगुळीत फरशीमुळेच पाय घसरतो, तेथे टाकीने घडवलेला काळा दगड बसवला तर पुजाऱ्याची सोय होते आणि मंदिराची शोभाही राहते. हे सर्व करताना एक दिवसही पूजा थांबवावी लागत नाही.

सेवेकरी

हे आम्हाला यापूर्वी कोणी सांगितले नव्हते. समितीच्या बैठकीत आपला प्रतिसाद वाचून दाखवीन.

बावन्न दरवाजे

शहराकडूनही काही लिहावेसे वाटते. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी वसवली, पुढे तिचे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. अंबरने डोंगरातील पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात आणले, ती नहर-ए-अंबरी. पाणचक्की चालली ती अशाच नहरीच्या पाण्यावर. शहराचे दरवाजे सर्वांना दिसतात, त्यांतील काहींची अलीकडे स्मार्ट सिटीच्या निधीतून दुरुस्ती झाली आणि ती चांगली दिसते. नहरी जमिनीखाली असल्यामुळे त्यांच्यावर घरे झाली, पाया खणताना त्या फुटल्या, काही ठिकाणी त्यांत सांडपाणी सोडले गेले. ज्या शहराला कित्येक दिवसांआड नळाला पाणी येते, त्या शहराने स्वतःच्या पायाखालचे पाणी असे गमवावे याचे मला अतिशय दुःख होते.

वारसा म्हटला की आपल्याकडे लगेच ‘कोणाचा’ हा प्रश्न येतो. मी ज्या मोहल्ल्यात राहतो तेथील लोकांना मी पाण्याच्या बाजूने सांगू लागलो, तेव्हा तो प्रश्न कोणी विचारला नाही. पाणी कोठून येत होते आणि आजोबांच्या काळी हौदात किती उंचीपर्यंत असायचे, हे सांगायला म्हातारे लोक स्वतःहून पुढे आले. बीडची खजाना विहीर आणि नळदुर्गचा पाणीमहाल यांचेही तसेच आहे. दुष्काळी प्रदेशाला पाण्याची वास्तू समजावून सांगावी लागत नाही.

देवगिरीदर्शन

पाणीमहालाबद्दल सहमत. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात महाल बांधला. वरून नर आणि मादी नावाचे धबधबे कोसळत असताना आतील माणूस कोरडा राहतो. पाण्याचे शास्त्र आणि सौंदर्य एकाच भिंतीत बसवलेली अशी वास्तू दुर्मीळच.

कंधारकर

२०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्यातील बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्याचा महाराष्ट्रातील प्रत्येकाप्रमाणे मलाही आनंद झाला. त्या बारांत मराठवाड्यातील एकही नाही, कारण तो विषयच वेगळा होता. पण त्यानंतर आमच्या भागातील मुलांनीही गडभ्रमंतीसाठी सह्याद्रीच गाठला आणि घराजवळचे कंधार, औसा, उदगीर, परांडा, धारूर हे किल्ले तसेच राहिले. ज्या उदगीरच्या लढाईत १७६० साली मराठ्यांनी निजामावर विजय मिळवला, तेथील किल्ला उदगीरच्याच किती तरुणांनी आतून पाहिला असेल? भुईकोटाला उंच कडा नसतो, म्हणून तो समजावून देणारा माणूस लागतो. प्रत्येक तालुक्यात असे दोन-तीन वाटाडे तयार व्हावेत.

चौसोपी

कंधारकरांनी माणसांचा मुद्दा काढला म्हणून आठवले. तेरचे वस्तुसंग्रहालय ज्यांच्या नावाने आहे ते रामलिंगप्पा लामतुरे खात्याचे अधिकारी नव्हते. प्राचीन तगर नगरीच्या पांढरीतून (जुन्या वस्तीच्या टेकाडातून) निघणारे मणी, नाणी, मृण्मूर्ती त्यांनी आयुष्यभर जमवल्या आणि तो संग्रह पुढे शासनाकडे गेला. पैठणच्या संग्रहालयामागेही बाळासाहेब पाटील यांचा असाच वैयक्तिक संग्रह आहे. म्हणजे आपल्या प्रदेशात हे काम गावात राहणाऱ्या, रोज त्याच मातीवरून चालणाऱ्या माणसांनी केले आहे.

रानवाट

गुप्तधनाचा विषय कोणीच काढला नाही. आमच्याकडे पडक्या मंदिरांचे, समाध्यांचे आणि बारवांचे सर्वांत मोठे शत्रू रात्री खोदणारे लोक आहेत. शिवलिंगाखाली, नंदीच्या पोटात, वेशीच्या उंबऱ्याखाली धन आहे असे सांगणारे मांत्रिक त्यांना भेटतात. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेले धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, लपवले तर गुन्हा होतो. ही एवढी गोष्ट प्रत्येक गावात दवंडीसारखी सांगितली पाहिजे, आणि तेथे सोने पुरलेले नसते हेही सांगितले पाहिजे.

बालाघाटी

सर्वांचे प्रतिसाद मी पुन्हा वाचले. ज्ञानार्थी सरांचा वीरगळ, बावन्न दरवाजे यांची नहर आणि सेवेकरी काकांचे मंदिर या तिन्ही ठिकाणी लोकांसमोर ‘वारसा’ असा मोठा विषय ठेवला गेला नाही. एक दगड, एक पाण्याची वाट, एक गळके छत, एवढेच समोर ठेवले आणि त्याविषयी नेमके काय करावे हे सांगितले. चौसोपीताईंनी मांडलेल्या पैशाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्यापैकी कोणाजवळ नाही, आणि ते मिळेपर्यंत वाड्यांच्या बाबतीत केवळ जागृतीवर माझी भिस्त नाही. नगरपरिषदांना १९६६ च्या नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तरतूद करता येते. मालकाला कर-सवलत किंवा दुरुस्तीस साहाय्य त्याच वेळी मागायला हवे. आपल्या शहराचा आराखडा हरकतींसाठी प्रसिद्ध होईल तेव्हा लेखी सूचना द्या, त्या मुदतीनंतर कोणी ऐकत नाही.

मांजराकाठ

वेशीचे काम तूर्त थांबले आहे. सरपंचांनी ग्रामसभेत ठराव मांडायला सांगितले आहे. त्यात काय लिहावे, हे कोणी सुचवू शकेल का?

चुनखडी

पुढील मजकूर वापरावा: ‘गावातील वेस, बारव, वीरगळ व गढी या वास्तूंची ग्रामपंचायत दप्तरी छायाचित्रांसह नोंद घेण्यात यावी. त्यांची दुरुस्ती सिमेंटने न करता चुन्यात व जाणकाराच्या सल्ल्यानेच करण्यात यावी. त्यांच्या आवारात विनापरवाना उत्खनन झाल्यास तहसीलदार कार्यालयास तत्काळ कळवण्यात यावे.’ मातीचा उपसा गौण खनिजात मोडतो, त्यामुळे शेवटच्या वाक्याला महसूल खात्याकडूनही आधार मिळतो.

ज्ञानार्थी_अंबाजोगाई

नोंदीचे काम गावच्या शाळेकडे द्यावे आणि तिची एक प्रत शाळेतही ठेवावी, असे वाक्य त्यात जोडा. मोजमापाचा तक्ता आमच्याकडे तयार आहे, तो मी आपल्याला व्यक्तिगत संदेशातून पाठवतो.